प्लास्टिकच्या पिस्तुलाचं वजन

अबू फहदनी होल्स्टर काउंटरवर आपटलं. ते रिकामं होतं.

"पिस्तूल कुठंय?" मी विचारलं.

"तेच विचारायला तुझ्याकडे आलोय," ते म्हणाले.

सकाळचे साडेनऊ वाजले होते. शटर वर जाऊन अर्धा तासही झाला नव्हता आणि माझा पहिला चहा अर्धाच झाला होता. तो मी खाली ठेवला. पोलीस खात्यातला, साध्या कपड्यांत तपास करणारा अधिकारी तुमच्यासमोर उभा राहून माझं पिस्तूल हरवलंय म्हणतो, आणि तेही तुम्हीच विकलेल्या होल्स्टरमधून, तेव्हा बारा वर्षांचा अनुभव वगैरे काही कामाला येत नाही.

आमचं दुकान कुवेत शहरातल्या शर्क भागात आहे. युनिफॉर्म, बूट, बिल्ले, बेल्ट असा माल. पोलीस आणि लष्करातले लोक आमचं गिऱ्हाईक. बेल्ट आणि होल्स्टरचा काउंटर माझा. होल्स्टर म्हणजे पिस्तूल कमरेला ठेवायचं म्यान. लोकांना तो एक खिसाच वाटतो, आणि कोणी तसं म्हटलं की मी चिडतो. खिशात किल्ल्या ठेवतात. होल्स्टरनं ट्रिगर पूर्ण झाकला पाहिजे, म्हणजे चुकून बोट, कपडा, काहीच आत जाता कामा नये. पिस्तूल बाहेर काढलं तरी होल्स्टरचं तोंड उघडंच राहिलं पाहिजे. ते कमरेवरून हलता कामा नये. आणि आतलं हत्यार धरून ठेवलं पाहिजे, तुम्ही उलटे झालात तरी. हे भाषण मी इतक्या वेळा केलंय की आमचे मॅनेजर मुनीरभाई ते झोपेतसुद्धा म्हणून दाखवतील.

अबू फहदना मी ते तीन आठवड्यांपूर्वी ऐकवलं होतं. ते तेव्हा शर्ट-पँटमध्ये आले होते. त्यांच्याकडे मऊ चामड्याचं जुनं होल्स्टर होतं. दहा वर्षं वापरून त्याचं तोंड लोंबायला लागलं होतं. मी तोंडाची ती घडी बोटानं दुमडून दाखवली. म्हटलं, "पिस्तूल परत आत घालताना ही घडी ट्रिगरवर गेली, तर गोळी तुमच्या मांडीत जाईल." ते जरा वरमले. मग मी त्यांना कायडेक्सचं होल्स्टर दाखवलं. कायडेक्स म्हणजे एक कडक प्लास्टिक. गरम करून पिस्तुलाच्या साच्यावर दाबतात, त्यामुळे ते त्या मॉडेलला नेमकं बसतं. आत सरकवलं की टक् आवाज येतो. पकड किती घट्ट हवी ते एका स्क्रूवर ठरतं.

"फार घट्ट आहे," अबू फहद म्हणाले होते. "वेळेला निघायला नको का?"

मी स्क्रू सैल केला. होल्स्टर उलटं धरून हलवून पाहिलं. पिस्तूल जागेवर राहिलं. आणखी अर्धा फेरा सैल केला. तरी राहिलं. "बस. एवढंच," मी म्हटलं. आणि माझं हुकमी वाक्य टाकलं, जे ऐकून गिऱ्हाईक नेहमी हसतं: "हे असं बसेल, की लावलंय हेच विसरून जाल."

आता एक गोष्ट सांगायला हवी. हे सगळं मी खऱ्या पिस्तुलावर करत नाही. दुकानाचा नियम आहे. खरं हत्यार काउंटरवर येत नाही, आणि आमच्यातला कोणी त्याला हात लावत नाही. इथे बाहेरच्या माणसानं हत्याराला हात लावला तर नोकरी नंतर जाते, आधी माणूस जातो. म्हणून आमच्याकडे ब्लू गन असतात. निळ्या प्लास्टिकच्या भरीव प्रतिकृती. आकार अगदी खऱ्यासारखा, एकेका मिलिमीटरचा हिशेब. सगळं फिटिंग त्यांच्यावर.

मुनीरभाई आतून आले. ते श्रीवर्धनचे, मी दापोलीकडचा. दुकानात आम्ही गिऱ्हाइकाशी अरबी बोलतो आणि आपसात कोकणातलं, म्हणजे गिऱ्हाइकाला कळत नाही.

"काय झाला रे?" त्यांनी हळूच विचारलं.

मी सांगितलं. त्यांचा चेहरा उतरला.

"कुठं पडलं, काही आठवतंय?" त्यांनी अबू फहदना अरबीत विचारलं.

"गाडी सगळी पाहिली. पार्किंग पाहिलं. घरून निघताना होतं, आणि इथं बाजारात कामासाठी उतरताना हात लावला तर नाही." अबू फहद स्टुलावर बसले. कुवेती पुरुष घालतात तो घोट्यापर्यंतचा पांढरा दिशदाशा त्यांच्या अंगावर होता आणि मानेपाशी घामानं ओला झाला होता. "दोन वाजता ड्यूटी आहे. हत्यार माझ्या नावावर आहे. तुझं होल्स्टर खराब आहे, बशीर."

मला राग आला. खरं सांगतो, आधी भीती वाटली आणि तिच्यामागोमाग राग आला. माझं होल्स्टर खराब? मी ड्रॉवर उघडला, त्याच मॉडेलची ब्लू गन काढली, होल्स्टरमध्ये टक् करून बसवली आणि त्यांच्यासमोर उलटी धरली. हलवली. जोरात हलवली. शेवटी होल्स्टरच्या बुडावर थापा मारल्या. गन तसूभर हलली नाही.

"बघा," मी म्हटलं.

मुनीरभाईंनी एवढा मोठा श्वास सोडला की मला ऐकू आला. "साहेब, माल चांगला आहे. तुमच्यासमोरच आहे."

अबू फहदनी डोकं दोन्ही हातांत धरलं. माणूस खचलेला होता, आणि मला, लाज वाटते सांगायला, बरं वाटत होतं. सुटलो, असं वाटत होतं. मी गन काढून ड्रॉवरमध्ये ठेवायला वळलो.

ती गन मी किती हजार वेळा हातात घेतली असेल कोण जाणे. पण त्या क्षणी, पहिल्यांदा, ती मला हलकी लागली.

मी तसाच उभा राहिलो. मग मागे वळून विचारलं, "अबू फहद, तुमचं पिस्तूल गोळ्या भरल्यावर वजनाला किती भरतं?"

"किलोला थोडं कमी. का?"

आमची ब्लू गन पाव किलोचीसुद्धा नव्हती.

बारा वर्षं मी आकार मोजत होतो. मिलिमीटरपर्यंत मोजत होतो. वजनाचा विचार एकदाही केला नव्हता, कारण खरं पिस्तूल मी आयुष्यात कधी हातात धरलंच नव्हतं. स्क्रूची पकड मी प्लास्टिकला पुरेल एवढी ठेवत होतो. आणि हे फक्त अबू फहदचं होल्स्टर नव्हतं. जे जे गिऱ्हाईक सैल कर म्हणालं होतं, त्या प्रत्येकाचं होतं.

मुनीरभाईंनी माझा चेहरा वाचला. ते जवळ आले आणि अगदी हळू बोलले.

"बशीर, गप बस. काम झाला. त्यानंच टाकलान असंल कुठंतरी."

"मुनीरभाई, वजन..."

"मला कळला. म्हणूनच सांगतंय, गप बस. तुझी पोर नर्सिंगला आहे ना? फी कोण भरणार?"

ते वाईट माणूस नाहीत. माझा इकामा, म्हणजे इथला राहण्याचा परवाना, दोनदा त्यांनीच खटपट करून वाचवलाय. आणि ते सांगत होते ते शहाणपणाचंच होतं. गन ड्रॉवरमध्ये ठेवली असती तर प्रकरण तिथंच संपलं असतं. पण मला एकच दिसत होतं. पिस्तूल कसं पडलं हे कळलं नाही, तर ते कुठं पडलं हेही कळणार नाही. आणि ते भरलेलं होतं.

मी बेल्टला ठोकतात त्या पितळी रिव्हेटांची पिशवी घेतली. कुरिअरची पार्सलं तोलायचा काटा होता, त्यावर टाकून लागेल तेवढं वजन केलं, आणि पिशवी ब्लू गनच्या मुठीला चिकटपट्टीनं गच्च गुंडाळली. आता ती साधारण खऱ्याइतकी झाली. होल्स्टरमध्ये बसवली. टक् आवाज आला. उभी असताना पक्की. आडवी केली, पक्की. मग हळूहळू उलटी करायला लागलो. पूर्ण उलटी व्हायच्या आधीच ती निसटली आणि धाडकन काउंटरवर पडली. खालची काच तडकली.

मी गन उचलून बाजूला ठेवली.

"चूक माझी आहे," मी म्हटलं. "पण अबू फहद, ऐका. उभ्यानं हे पडत नाही. बसल्यावरही नाही. माणूस जवळजवळ उलटा झाला तरच पडतं. आज ते कशावर लावलं होतं?"

"सिरवालवर."

सिरवाल म्हणजे दिशदाशाच्या आत घालायची सुती विजार. तिला बेल्ट नसतो, इलॅस्टिक असतं. दुकानात ते पँट आणि चांगला जाड बेल्ट घालून आले होते, आणि मी त्यावर होल्स्टर लावून आरशासमोर उभं करून पाहिलं होतं. गावातल्या प्रत्येक दुसऱ्या माणसाच्या अंगावर दिशदाशा दिसत असताना मी विचारलं नव्हतं की रोज काय घालता. इलॅस्टिकवर होल्स्टर पुढे कलणार, हे सांगायला कारागीर लागत नाही.

"बरं. आज सकाळी कुठं वाकलात? नमाज?"

"नमाज आधी झाला. मग लावलं."

"गाडीखाली पाहायला वाकलात?"

"ते नंतर. तेव्हा नव्हतंच."

"काही उचललंत? बुटांची नाडी? आठवा. नुसतं वाकून नाही चालणार. डोकं खाली आणि कंबर वर, एवढं."

ते विचार करत होते. आणि मग त्यांचा चेहरा असा झाला, जसा मी कोणाचाही कधी पाहिलेला नाही. रंग उडणं म्हणजे काय, ते मला तेव्हा कळलं.

"घोडा," ते म्हणाले.

"काय?"

"नूराचा घोडा." नूरा त्यांची चार वर्षांची मुलगी. बायको शाळेत शिकवते, म्हणून रोज सकाळी ते नूराला फिंतासला आपल्या आईकडे सोडतात. सोडताना खेळ ठरलेला. दिशदाशा वर खोचायचा, गालिच्यावर हातापायांवर व्हायचं, नूरा पाठीवर. दिवाणखान्याला एक फेरी. शेवटी डोकं जमिनीला टेकवून मागची बाजू उंच करायची, म्हणजे ती मानेवरून घसरत किंचाळत खाली येते. "रोज पिस्तूल काढून वर कपाटावर ठेवतो. रोज. आज..." ते थांबले आणि माझ्याकडे पाहिलं. "आज कमरेला आहे हे विसरलोच होतो."

माझंच वाक्य. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

त्या घरात त्या वेळी नूरा होती, तिची दोन वर्षांची आतेबहीण होती, आणि कमी ऐकू येणारी एक म्हातारी बाई. अबू फहदनी आईला फोन लावला. वाजून वाजून बंद झाला. परत लावला. बायकोला लावला, ती वर्गात असणार. "चल," ते मला म्हणाले. का, ते मी विचारलं नाही. मुनीरभाई नुसते म्हणाले, "जा."

फिंतासपर्यंतचा रस्ता मला आठवत नाही. ते गाडी चालवत होते आणि मी त्यांच्या फोनवरून त्यांच्या आईचा नंबर लावत होतो. आठ वेळा, दहा वेळा.

"तुमच्या ऑफिसला सांगा," मी म्हटलं. "तिथली गस्तीची गाडी आपल्याआधी पोचेल."

त्यांना ते ऑफिसला कळू द्यायचं नव्हतं; त्यांनी गाडी आणखी जोरात घेतली. मी परत म्हटलं.

"अरे पोचलोच," ते ओरडले. आम्ही पोचलो नव्हतो. निम्म्यावरसुद्धा नव्हतो. मला त्या माणसाची भयंकर चीड आली, आणि त्याच क्षणी आठवलं की थोड्या वेळापूर्वी गन ड्रॉवरमध्ये ठेवायला मीही वळलोच होतो. मी परत नंबर लावला.

घराचं दार उघडंच होतं. ते धावत आत गेले. मी उंबऱ्याशी, चपलांजवळ थांबलो. परक्याच्या घरात, जिथं बायका आहेत, तिथं असं घुसत नाहीत. आतून उशा फेकल्याचे आवाज आले. इथं दिवाणखान्यात गालिच्यावर भिंतीला लागून लांब गाद्या आणि उशा असतात. मग त्यांच्या आईचा आवाज, काय झालं, काय शोधतोस. मग त्यांचा आवाज, "इथं नाही! इथं नाही!"

तेवढ्यात बाजूच्या खोलीतून नूरा आली.

ती खेळण्यातली ट्रॉली ढकलत होती, सुपरमार्केटात असते तशी, गुलाबी. ती बापाकडे गेली नाही. दारात पाहुणा उभा होता, म्हणजे गिऱ्हाईक आलं होतं. ती सरळ माझ्यासमोर येऊन थांबली.

"श तबी?" तिनं विचारलं. काय हवंय?

ट्रॉलीत ज्यूसचं रिकामं खोकं होतं. दोन टोमॅटो होते. एक मोजा होता. आणि मोज्याखालून काळी नळी बाहेर आलेली होती, माझ्या गुडघ्याच्या दिशेनं.

ओरडलो असतो तर ती दचकली असती. झडप घातली असती तर तिनं आपला माल घट्ट धरला असता, मुलं धरतात तसा. तिनं एक टोमॅटो उचलला. तिचं मनगट पिस्तुलाला घासून गेलं. तिनं टोमॅटो मला दाखवला, चांगला आहे, घे.

मी खाली बसलो. नळीसमोरून जरा बाजूला सरकून. खिशात माझी मोजपट्टी होती, पिवळी, गुंडाळलेली, बेल्टसाठी कंबर मोजायची. मी ती बाहेर काढली आणि एक टोक धरून सोडली. ती सळसळत उलगडली. नूराचे डोळे मोठे झाले.

"मला सगळंच हवंय," मी म्हटलं. "पूर्ण दुकान. त्याच्या बदल्यात ही."

तिनं विचार केला. कपाळाला आठ्या घालून, अगदी मुनीरभाई करतात तसा. मग तिनं टोमॅटो परत ट्रॉलीत ठेवला, त्याच काळ्या वस्तूच्या अंगावर, आणि मोजपट्टी दोन्ही हातांनी घेतली. ट्रॉली सोडली. मी पायानं ट्रॉली हळूच वळवली, नळी भिंतीकडे होईपर्यंत, आणि तिच्या आणि ट्रॉलीच्या मध्ये बसलो.

"अबू फहद," मी हाक मारली. "इकडे या. हळू या."

ते आले. पाहिलं. काही न बोलता त्यांनी मोजा बाजूला केला, पिस्तूल उचललं, मॅगझिन काढलं, वरचा भाग मागे ओढला. नळीतून एक गोळी उडून फरशीवर पडली आणि चपलांमध्ये घरंगळत गेली. म्हणजे फक्त ट्रिगर दाबायचा बाकी होता. ते तिथंच, चपलांवर बसले आणि रडायला लागले. नूरा मोजपट्टी डोक्याला गुंडाळत होती.

त्यांच्या आईला आधी काही कळलं नाही. मग त्यांच्या हातात काय आहे ते दिसलं. म्हातारीनं पायातली चप्पल काढली आणि चाळिशीच्या त्या पोलीस अधिकाऱ्याच्या पाठीत हाणली, दोनदा. "ऐब!" ती म्हणाली. लाज वाटू दे. त्यांनी मार चुकवला नाही. मला वाटत होतं की तिनं तिसरी मलाही मारावी.

मी बसनं दुकानात परत आलो. मुनीरभाई दारातच उभे होते. मी सगळं सांगितलं. त्यांनी विचारलं, "दोन वर्षांची होती का ती दुसरी?" त्यांची नात तेवढीच आहे.

तरी दुसऱ्या दिवशी मी गिऱ्हाइकांना फोन करायला वही काढली तेव्हा आमचं भांडण झालं. "दुकान बंद करायचा आहे का तुला?" मी म्हटलं, फोन मीच करतो, माझ्या नावानं करतो. दहा दिवस लागले. काही जण हसले. एक जण वाटेल ते बोलला. बरेच आले. मी प्रत्येक होल्स्टर वजन बांधलेल्या गनवर परत लावून घट्ट केलं, आणि त्यांना सांगितलं, घरी पिस्तूल रिकामं करून, बिछान्यावर उलटं धरून स्वतः तपासा. हे मी बारा वर्षांत कोणाला सांगितलं नव्हतं. मासळी बाजाराच्या बाजूला मासे धरायच्या गळाला बांधायची शिशाची वजनं मिळतात. ती आणून ब्लू गनमध्ये भोकं पाडून भरली. आता ती गन खऱ्याइतकी भरते. ड्रॉवरमध्ये ठेवताना मनगटाला कळतं.

अबू फहद दोन महिन्यांनी आले. ऑफिसात काय सांगितलं, सांगितलं की नाही, मला ठाऊक नाही. मी विचारलं नाही आणि ते बोलले नाहीत. त्यांना दिशदाशाच्या आत घालायचा रुंद, कडक पट्टा हवा होता. मी कंबर मोजायला टेप काढली.

"नवीन घेतलीस?" ते म्हणाले.

"जुनी विकली."

ते हसले नाहीत. मीही नाही. पट्ट्यावर होल्स्टर लावलं, मग त्यांना काउंटरमागे गालिच्यावर हातापायांवर व्हायला लावलं आणि डोकं टेकवायला सांगितलं. ते झाले. शिशाची गन जागेवर राहिली.

उठताना त्यांनी कुशीवर हात ठेवला. "टोचतंय," ते म्हणाले.

लावलंय हेच विसरून जाल, हे वाक्य मी आता कोणालाच म्हणत नाही.

"टोचू दे," मी म्हटलं.